हालुसाईपासून सिंगूरपर्यंत

दि. १३ मे २०११ रोजी पश्चिम बंगालच्या विधानसभा निवडणुकीचे निकाल लागले आणि चौतीस वर्षे अखंड चाललेली डाव्या आघाडीची राजवट संपुष्टात आली. २९४ पैकी अवघ्या ६२ जागा आघाडीच्या पदरात पडल्या; त्यांत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा वाटा ४० जागांचा. खुद्द मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य हे जादवपूरसारख्या बालेकिल्ल्यात पराभूत झाले, आणि तेही एके काळी त्यांच्याच सरकारचे मुख्य सचिव राहिलेल्या मनीष गुप्ता यांच्याकडून. पाचच वर्षांपूर्वी, २००६ साली, याच मतदारांनी याच आघाडीला २३५ जागा बहाल केल्या होत्या. मतपेटीतून सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट पक्षाने लागोपाठ सात निवडणुका जिंकून इतका प्रदीर्घ काळ राज्य केल्याचे दुसरे उदाहरण जगाच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण. इतकी जुनी इमारत इतक्या अल्पावधीत कशी ढासळली, हा प्रश्न म्हणूनच केवळ बंगालपुरता राहत नाही.

पराभवाची कारणे सांगणारे निकालाच्या दुसऱ्याच दिवशी हजर होतात, तसे याही वेळी झाले. उजव्यांनी सांगितले की, 'चोलबे ना'च्या घोषणांनी आणि घेरावांनी बंगालमधील उद्योग देशोधडीला लावले, त्याचे हे फळ होय. कडव्या डाव्यांनी सांगितले की, पक्षाने भांडवलदारांच्या गळ्यात गळा घातला, त्याचे हे प्रायश्चित्त होय. दोन्हींत थोडेफार तथ्य आहे. परंतु घेराव १९६७ पासून चालत आले होते, तरी लोक पक्षाला निवडून देतच होते. आणि भांडवलाला आवतण देणारे नवे औद्योगिक धोरण ज्योती बसूंनी १९९४ सालीच जाहीर केले होते, तरीही लोकांनी पाठ फिरवली नाही. तेव्हा उत्तर कलकत्त्याच्या मैदानात नव्हे, तर हुगळी, वर्धमान, मेदिनीपूरच्या भातखाचरांतच शोधावे लागते. या पक्षाचे राज्य उभे राहिले ते खेड्यात, आणि कोसळले तेही खेड्यातच.

बंगालमध्ये दुसऱ्याची जमीन पिकाच्या हिश्श्यावर कसणाऱ्यास 'बर्गादार' म्हणतात. आपल्याकडील अर्धेलीने किंवा बटाईने शेती करणाऱ्या वाटेकऱ्याचाच तो भाऊबंद. महाराष्ट्रातील वाचकाला कुळकायदा ठाऊक असतो. जुन्या मुंबई राज्याच्या त्या कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ निदान कागदावर तरी जमिनीचे मालक बनले. बंगालच्या बर्गादाराच्या नशिबी तेही नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तो धड कूळही नव्हता. मालकाच्या मर्जीवर येणारा आणि मर्जीवर जाणारा एक कष्टकरी, एवढेच त्याचे स्थान होते. १९४० साली फ्लाउड आयोगाने त्याला पिकाचा दोनतृतीयांश हिस्सा द्यावा अशी शिफारस केली. तीच मागणी घेऊन १९४६ च्या अखेरीस किसान सभेने 'तेभागा' आंदोलन छेडले. गोदावरी परुळेकर ज्या काळात ठाणे जिल्ह्यातील वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे करीत होत्या, त्याच काळात दिनाजपूर, काकद्वीप, मेदिनीपूर येथे बर्गादार पिकाच्या पेंढ्या मालकाच्या खळ्यावर न नेता स्वतःच्या अंगणात रचू लागले होते. आंदोलन चिरडले गेले. परंतु बंगालच्या खेड्यात कम्युनिस्टांचे बी रुजले ते त्या वेळी.

ते उगवायला वीस वर्षे लागली. १९६४ साली पक्ष फुटून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष जन्माला आला आणि तीनच वर्षांत तो संयुक्त आघाडीच्या मंत्रिमंडळात जाऊन बसला. १९६७ व १९६९ ची ती दोन्ही सरकारे अल्पायुषी ठरली. पण जमीन खात्याचे मंत्री हरेकृष्ण कोनार यांनी तेवढ्या अवधीत बेनामी जमिनी हुडकण्याची जी मोहीम उघडली, तिने लाखो एकर जमीन उजेडात आली. जमीन कोणाच्या नावावर लपली आहे हे सरकारी दप्तरापेक्षा गावातील मजुराला अधिक ठाऊक असते, हे कोनारांनी ओळखले होते. दरम्यान मे १९६७ मध्ये नक्षलबाडी पेटली आणि पक्षातीलच एक गट बंदुकीची भाषा बोलू लागला. पुढली पाच-सात वर्षे बंगालने रक्तपात पुष्कळ पाहिला. १९७२ च्या निवडणुकीत पक्षाच्या वाट्याला अवघ्या चौदा जागा आल्या. मतदानात सरसहा गैरप्रकार झाल्याचा आरोप करून पक्षाने त्या विधानसभेवर बहिष्कारच टाकला. त्यानंतर आली आणीबाणी.

अशा पार्श्वभूमीवर जून १९७७ मध्ये डावी आघाडी प्रचंड बहुमताने विजयी झाली. एकट्या मार्क्सवादी पक्षाला १७८ जागा मिळाल्या आणि २१ जून रोजी ज्योती बसूंनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. सरकारबाहेर राहून पक्षयंत्रणेची सूत्रे हलविणारे प्रमोद दासगुप्ता आणि जमीन खाते सांभाळणारे विनय चौधुरी ही त्या राजवटीची उरलेली दोन चाके. बसूंची कीर्ती अर्थातच मोठी. तथापि बंगालच्या खेड्यापुरते बोलायचे तर विनय चौधुरींचे नाव आधी घ्यावे लागेल.

मे १९७८ मध्ये हुगळी जिल्ह्यातील पोलबा ठाण्याच्या हद्दीत हालुसाई येथे एक शिबिर भरले. एका बाजूला महसूल अधिकारी, दुसऱ्या बाजूला भूमिहीन मजूर व वाटेकरी. अधिकाऱ्यांनी बोलावे आणि खेडुतांनी माना डोलवाव्यात, हा अशा शिबिरांचा सर्वत्र रूढ असलेला प्रकार. येथे मात्र भूमिसुधारणा आयुक्त देवव्रत बंद्योपाध्याय यांनी गाडी उलटी फिरवली. खेडूत बोलले आणि अधिकाऱ्यांनी ऐकले. त्यांनी सांगितले ते अगदी साधे होते. तुम्ही गावात येता, ते जमीनदाराच्या ओसरीवर बसता. तेथे येऊन 'ही जमीन मी कसतो' असे म्हणण्याची छाती आमच्यापैकी कोणाची होणार? तेव्हा दिवसा नको, संध्याकाळी कामावरून परतल्यावर या. वाड्यावर नको, आमच्या वस्तीत या. एकेकट्याला विचारू नका, सर्वांसमक्ष विचारा. हीच 'ऑपरेशन बर्गा'ची कार्यपद्धती बनली. भूमिसुधारणेच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक शोध क्वचितच लागला असेल.

यातील गमतीचा भाग असा की, कायदा बहुतांशी जुनाच होता. १९५५ चा भूमिसुधारणा कायदा काँग्रेस राजवटीचा; बर्गादाराने बी-बियाणे, नांगर, खत स्वतः घातल्यास पिकाचा तीनचतुर्थांश हिस्सा त्याचा, आणि त्याचा कसण्याचा हक्क वंशपरंपरागत, या तरतुदीही डावी आघाडी येण्यापूर्वीच्या. नव्या सरकारने १९७७ साली त्यात एक मोलाची भर घातली: अमुक माणूस बर्गादार नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. बाकी जे काही केले ते अंमलबजावणीच. पुढील वर्षांत चौदा-पंधरा लाख बर्गादारांची नावे दप्तरी चढली. कमाल जमीनधारणेच्या कायद्याखाली सरकारजमा झालेली दहा लाखांहून अधिक एकर जमीन पंचवीस लाखांवर कुटुंबांत वाटली गेली. तुकडे लहान होते, पुष्कळदा एकराहूनही लहान. पण ज्याच्या सात पिढ्यांनी कधी नावाचा कागद पाहिला नव्हता त्याच्या हाती तो आला, याचे मोल एकरात मोजता येत नाही.

जून १९७८ मध्येच पंचायतीच्या त्रिस्तरीय निवडणुका झाल्या. पन्नास हजारांहून अधिक जागा, आणि राजकीय पक्षांच्या चिन्हांवर. पंचायत राज्याला घटनेचा आधार देणारी त्र्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली १९९३ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे बंगाल किती पुढे होता ते कळते. निवडून आलेल्यांत लहान शेतकरी, प्राथमिक शिक्षक यांचा भरणा होता. दोन-तीन महिन्यांत बंगालवर महापूर कोसळला. मदतीचे धान्य, घरबांधणी, रस्ते ही सारी कामे या नवख्या पंचायतींनी उचलली आणि टीकाकारही चकित झाले. त्यानंतरच्या दशकात भाताचे उत्पादन झपाट्याने वाढले. उन्हाळी 'बोरो' भाताची लागवड पसरली आणि बंगाल देशातील अग्रगण्य भातउत्पादक राज्य ठरले. लागोपाठ सात विजयांचे गूढ उकलण्यासाठी आणखी कोठे जाण्याची गरज नाही.

मात्र याच यशाच्या पोटात दुखणे वाढत होते.

बर्गादाराला मिळाला तो मालकीहक्क नव्हे, कसण्याचा हक्क. तो राखणारे दप्तर पंचायतीच्या छायेखाली, आणि पंचायत पक्षाच्या हाती. बियाण्याचे पाकीट, बँकेचे कर्ज, कामाच्या बदल्यात धान्य, मुलाला शाळेत नोकरी, भावाभावांतील बांधाचे भांडण, नवराबायकोची ताटातूट, साऱ्यांचा रस्ता पक्षाच्या 'लोकल कमिटी'च्या दारातून जाऊ लागला. प्रारंभी हे दार गरिबाला पोलिसाच्या आणि जमीनदाराच्या दारापेक्षा जवळचे वाटले, आणि ते स्वाभाविकच होते. पण ज्या दारातून सर्वांना जावे लागते त्या दारावरचा माणूस कालांतराने सेवक राहत नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक द्वैपायन भट्टाचार्य यांनी या रचनेला 'पार्टी सोसायटी' असे नाव दिले आहे. जात, धर्म, बिरादरी यांच्या जागी पक्ष हीच समाजाची वीण बनली, असा त्याचा आशय. बंगालमध्ये जातीची उघड चर्चा होत नाही, याचा डाव्यांना अभिमान असे. तथापि पक्षाच्या वरच्या फळीत ब्राह्मण, कायस्थ आणि वैद्य एवढेच का दिसतात, याचे उत्तर त्या मौनात मिळत नव्हते. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, तेव्हा लोकसंख्येत चौथा हिस्सा असलेल्या मुसलमानांचे सरकारी नोकऱ्यांतील प्रमाण किती नगण्य आहे हे उघड झाले, आणि पक्षाला ते सावरून घेता आले नाही.

पहिली खूण तर राजवटीच्या दुसऱ्याच वर्षी दिसली होती. पूर्व बंगालमधून आलेल्या आणि दंडकारण्यात नेऊन टाकलेल्या निर्वासितांना बंगालमध्येच वसवा, ही मागणी विरोधी पक्षात असताना डाव्यांनीच केली होती. सत्ता येताच ते निर्वासित विश्वासाने परतले आणि सुंदरबनातील मरिचझाँपी बेटावर त्यांनी वस्ती केली. त्यांतील बहुतेक नमःशूद्र. जानेवारी १९७९ मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात वस्ती उठवली गेली. मृतांचा आकडा आजवर वादग्रस्त आहे. त्या वेळी कलकत्त्यातील सुशिक्षितांनी फारशी खळखळ केली नाही. सरकार 'आपले' होते.

पुढे विरोधकाला गावात घर राखणे कठीण होऊ लागले. पंचायतीच्या कित्येक जागा बिनविरोध येऊ लागल्या आणि पक्ष त्याला लोकप्रियता समजू लागला. बीरभूम जिल्ह्यातील नानूर येथे जुलै २००० मध्ये अकरा शेतमजुरांची हत्या झाली, आणि पुढे न्यायालयात त्याबद्दल दोषी ठरले ते मार्क्सवादी पक्षाचेच कार्यकर्ते. शेतमजुरांना छातीशी धरून वाढलेल्या पक्षाला यापेक्षा अधिक लाजिरवाणे ते काय असणार?

ज्योती बसूंना १९९६ साली पंतप्रधानपदाचे आमंत्रण आले, पक्षाच्या केंद्रीय समितीने ते नाकारले, आणि बसूंनी त्याला 'ऐतिहासिक घोडचूक' म्हटले. त्यावर शाई पुष्कळ खर्ची पडली आहे. बंगालच्या पुढील घटनांशी तिचा संबंध बेताचाच. नोव्हेंबर २००० मध्ये बसू पायउतार झाले आणि बुद्धदेव भट्टाचार्य आले. स्वच्छ चारित्र्याचा, साहित्याची आवड असलेला हा माणूस. त्यांनी मांडलेला प्रश्न शंभर टक्के खरा होता, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही. नव्वदीनंतर शेतीची वाढ मंदावली होती. एकराचा तुकडा दोन-तीन मुलांत वाटला की त्याचे पोट भरत नाही. बर्गादाराचा शिकलेला मुलगा चिखलात उतरायला तयार नाही आणि शहरात त्याला कारखाना नाही. केंद्राच्या वाहतूक समानीकरणाच्या धोरणाने पूर्व भारताच्या कोळसा-पोलादाचा नैसर्गिक लाभ कित्येक दशके हिरावून घेतला होता, ही तक्रार वाजवी खरी; पण कामगार संघटनांच्या अतिरेकाने उरलेसुरले गिरणी-कारखाने बंद पडले, हेही तितकेच खरे. तेव्हा उद्योग हवेच होते. प्रश्न एवढाच होता की, ते कोणत्या रीतीने आणायचे.

दि. १८ मे २००६ रोजी नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, आणि त्याच दिवशी टाटांच्या छोट्या मोटारीचा कारखाना सिंगूर येथे होणार असे जाहीर झाले. सिंगूर हुगळी जिल्ह्यातच आहे. ज्या जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षांपूर्वी अधिकारी वाटेकऱ्यांपुढे बसून ऐकत होते, त्याच जिल्ह्यात आता ९९७ एकर जमीन १८९४ च्या, म्हणजे इंग्रजांच्या, भूसंपादन कायद्याने घेण्याचे ठरले. कोणाला विचारले? पक्षाच्या स्थानिक समितीला विचारले, आणि तिने 'होय' म्हटले. जमीन भात, बटाटा अशी एकाहून अधिक पिके देणारी. मालकाला मोबदला, दप्तरी नोंद असलेल्या बर्गादाराला त्याच्या पंचवीस टक्के. ज्याची नोंद नव्हती त्या वाटेकऱ्याला आणि मजुराला काहीही नाही. नोंदीच्या मोहिमेतून जन्मलेल्या सरकारने नोंद नसलेल्याकडे पाहून खांदे उडवावेत, यातील विसंगती अलीमुद्दीन स्ट्रीटवरील पक्षकचेरीला जाणवली नाही. कचेरीचा हिशेब साधा होता: आम्ही २३५, ते ३०. मुख्यमंत्र्यांच्या तोंडचे हे वाक्य पुढे त्यांच्यावरच उलटले.

त्या तिसांच्या नेत्या ममता बॅनर्जी यांनी डिसेंबर २००६ मध्ये पंचवीस दिवसांहून अधिक काळ उपोषण केले. जे देण्यास तयार नाहीत त्यांची सुमारे ४०० एकर जमीन परत करा, एवढीच त्यांची मागणी होती. तडजोडीस जागा होती. पण समोरच्याचे ऐकणे म्हणजे हार, ही सवय तोवर जडून गेली होती.

नंदीग्रामने तर सारेच संपवले. इंडोनेशियाच्या सलीम उद्योगसमूहाच्या रासायनिक प्रकल्पासाठी जमीन जाणार, ही वार्ता फुटताच जानेवारी २००७ मध्ये गावकऱ्यांनी रस्ते खणले आणि सरकारी माणसांना अटकाव केला. १४ मार्च रोजी पोलीस घुसले. गोळीबारात चौदा माणसे ठार झाली. हा भाग तेभागाच्या काळापासून कम्युनिस्टांना मानणारा. तेथील आमदारही डाव्या आघाडीतील भारतीय कम्युनिस्ट पक्षाचाच. म्हणजे मेले ते बहुतांशी 'आपलेच' मतदार. राज्यपाल गोपाळकृष्ण गांधींनी जाहीर निवेदन काढून आपल्याला बसलेला धक्का लपवला नाही. नोव्हेंबरात पक्षाच्या सशस्त्र टोळ्यांनी गावे 'परत जिंकली', तेव्हा विरोधकांना त्यांच्याच नाण्यात परतफेड झाली, अशा अर्थाचे उद्गार मुख्यमंत्र्यांनी काढले. मुख्यमंत्री राज्याचा असतो की पक्षाचा, हा प्रश्न त्यानंतर कोणाला विचारावा लागला नाही. मरिचझाँपीच्या वेळी गप्प राहिलेले कलकत्ता या वेळी महाश्वेतादेवींसह रस्त्यावर उतरले. त्याच सुमारास बांकुडा, बीरभूम, वर्धमान येथे धान्य न मिळाल्याने संतापलेल्या लोकांनी रेशन दुकानदारांच्या घरांवर हल्ले केले. तसे पाहता ही घटना नंदीग्रामइतकी गाजली नाही. परंतु पक्षाला घाबरायचे कारण नाही, हे गावोगावी कळले ते तेव्हा.

भय एकदा ओसरले की पुढचे फार वेगाने घडते. २००८ च्या पंचायत निवडणुकीत पूर्व मेदिनीपूर व दक्षिण चोवीस परगणा या जिल्हा परिषदा गेल्या. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला टाटांनी सिंगूर सोडल्याचे जाहीर केले आणि कारखाना गुजरातेत साणंदला गेला. म्हणजे शेतकरीही गेला आणि कारखानाही. २००४ साली लोकसभेच्या ४२ पैकी ३५ जागा जिंकणाऱ्या आघाडीला २००९ साली पंधराच मिळाल्या. जंगलमहालात, लालगडच्या परिसरात, माओवाद्यांनी पक्षाची कार्यालये जाळली आणि पुष्कळ सामान्य कार्यकर्त्यांना प्राण गमवावे लागले. त्यांतील कित्येक स्वतः गरीब आदिवासी होते, हे विसरता कामा नये.

२०११ च्या पराभवातही आघाडीला सुमारे ४१ टक्के मते होती. एखादा लढाऊ पक्ष तेवढ्या बळावर विरोधी बाकांवरून पुन्हा उभा राहिला असता. येथे तसे झाले नाही, आणि या साऱ्या कथेतला सर्वांत बोलका भाग हाच आहे. गावकऱ्याला आश्रय देणारे दार हवे होते. दारावरची पाटी बदलली तसा तो नव्या दाराशी गेला. क्लब, पंचायती, गावगुंड, कंत्राटदार, सारे रातोरात तृणमूल काँग्रेसचे झाले, आणि नव्या सत्तेने त्यांचा वापरही जुन्याच पद्धतीने केला. मार खाणाऱ्या डाव्या कार्यकर्त्याला वाचवण्यास पक्षाजवळ आता पोलीस नव्हते, पंचायत नव्हती, आणि रस्त्यावर उतरण्याची सवय तर केव्हाच मोडली होती. पुष्कळांनी संरक्षणासाठी भारतीय जनता पक्षाचा आसरा घेतला. १९४६ साली सत्तेवाचून, पोलिसांविरुद्ध उभा राहिलेला पक्ष तो हाच का, असा प्रश्न पडावा. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत मार्क्सवादी पक्षाची मते सहा-सात टक्क्यांवर आली, जागा एकही नाही. २०२१ साली स्वातंत्र्यानंतर प्रथमच बंगालच्या विधानसभेत एकही कम्युनिस्ट सदस्य निवडून आला नाही.

सिंगूरचे भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१६ रोजी रद्द ठरवले आणि जमीन परत करण्याचा आदेश दिला. तोवर तेथे काँक्रीटचे पाये पडले होते आणि कारखान्याची शेड उभी होती. ती पाडून जमिनीचे पुन्हा शेत करावे लागले. १८९४ चा कायदा २०१३ साली संसदेने मोडीत काढून नवा कायदा केला. देशभरातील भूसंपादनविरोधी लढ्यांचा, आणि विशेषतः सिंगूर-नंदीग्रामचा, त्यात मोठा वाटा होता. वाटेकरी आणि शेतमजूर यांच्या उपजीविकेचा विचारही त्या कायद्यात आला. बुद्धदेव भट्टाचार्य ८ ऑगस्ट २०२४ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांच्या साध्या दोन खोल्यांच्या घराबद्दल आणि स्वच्छ हातांबद्दल विरोधकांनीही आदराने लिहिले.

नंदीग्राममध्ये २०२१ साली मुख्य लढत झाली ती ममता बॅनर्जी आणि त्यांचेच पूर्वीचे सहकारी, आता भारतीय जनता पक्षात गेलेले शुभेंदु अधिकारी यांच्यात. २००७ च्या त्या आंदोलनाचे श्रेय दोघेही सांगत होते. मार्क्सवादी पक्षाने तेथे मीनाक्षी मुखर्जी या तरुण कार्यकर्तीला उभे केले. पक्षाची माणसे ज्या गावांत कित्येक वर्षे पाऊल टाकू शकली नव्हती, तेथे ती दारोदार हिंडली, लोकांशी बोलली. तिला सहा हजारांच्या आसपास मते पडली.